टॉल्कीन आणि लुईसची ही दोन जाड पुस्तकं घेणार असाल तर जोडीनंच घ्या

टॉल्कीनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तिन्ही भाग एकाच बाइंडिंगमधे असलेली पेपरबॅक आणि लुईसच्या नार्नियाच्या सातही गोष्टी एकत्र असलेली दुसरी पेपरबॅक, या दोन्हींचा हा रिव्ह्यू आहे. वेगवेगळे रिव्ह्यू नेटवर ढिगानं सापडतील, पण मला दोन्हींबद्दल एकत्रच लिहायचंय, कारण ही पुस्तकं ज्यांनी लिहिली ते दोघं एकमेकांचे जिगरी दोस्त होते आणि त्यातला एक नसता तर दुसऱ्याचं पुस्तक आज आपल्या हातात आलंच नसतं, हे माझं पक्कं मत झालंय.

आधी खरेदीचं सांगते. सांगलीत इंग्रजी फँटसी दुकानात जाऊन चाळून घ्यावी असं फारसं होत नाही, पुढच्या कपाटात स्पर्धा परीक्षा आणि गाईडं, मागं कुठंतरी कोपऱ्यात कथा-कादंबऱ्या. विश्रामबागेतल्या एका पुस्तकवाल्यांना सांगून ठेवलं होतं, त्यांनी फोन करून तीन भाग वेगळे पाहिजेत का एकत्र, चित्रांची पाहिजे का बिनचित्रांची असं सगळं विचारून मागवून दिलं. ऑनलाइन थोडं स्वस्त पडलं असतं पण कोपरे दुमडून येतात हा अनुभव खूप जणांचा आहे, आणि हजारच्या वर पानं असलेलं पुस्तक हातात धरून, उघडून बघून घेतलेलंच बरं.

रिंग्जचा कागद पातळ आहे, मागच्या पानाची अक्षरं पुढं थोडी दिसतात, ट्यूबखाली वाचलं तर त्रास नाही पण झोपून नाइट लॅम्पवर वाचणाऱ्यांनी विचार करावा. टाइप बारीक. चाळिशी लागलेल्यांनी सरळ तीन वेगळे भाग घ्या, वजनही विभागलं जातं. नकाशा मात्र या छोट्या साइझमधे मार खातो, डोंगरांची नावं वाचायला मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघावं लागतं, आणि हे पुस्तक असं आहे की दर दहा पानांनी मागं जाऊन नकाशा बघावासा वाटतो, म्हणजे आता ही मंडळी नेमकी कुठं पोचली, नदी ओलांडली का नाही. मूळ नकाशा टॉल्कीनच्या मुलानं, ख्रिस्तोफरनं काढलेला. हा ख्रिस्तोफर पुढं परत येणार आहे, लक्षात ठेवा.

नार्नियाची प्रत एकदम सुखाची. टाइप ठीक, आणि पॉलीन बेन्सची चित्रं आहेत, बर्फात छत्री घेऊन चाललेला तो शेळीच्या पायाचा टम्नस बघितला की पोरं पुस्तक सोडत नाहीत. (ही बाई आधी टॉल्कीनची चित्रकार. त्याच्या फार्मर जाइल्स ऑफ हॅम या छोट्या पुस्तकाला तिनं १९४९ मधे चित्रं काढली आणि लगेच नंतर नार्नियाचं काम केलं.) माझी एकच मोठी तक्रार आहे, गोष्टींचा क्रम. या एकत्र आवृत्तीत द मॅजिशियन्स नेफ्यू पहिली टाकलीय, कारण नार्नियाचा जन्म त्यात होतो. पण लुईसनं ती लिहून छापली १९५५ मधे, शेवटून दुसरी. पहिली आली ती द लायन, द विच अँड द वॉर्डरोब, १९५० साली. तुम्ही पुस्तकातल्या क्रमानं गेलात तर बर्फाच्या जंगलात मधेच एक रस्त्यावरचा दिव्याचा खांब उभा का आहे याचं उत्तर तुम्हाला आधीच कळलेलं असतं, मग लूसी कपाटात शिरून कोटांच्या मागं चाचपडत त्या खांबापाशी येते त्यातली सगळी गंमत गेली. म्हणून सरळ दुसऱ्या गोष्टीपासून सुरू करा, पहिली नंतर वाचा. पोरांच्या हातात द्यायच्या आधी तिथं बुकमार्क घालून ठेवा.

आता दोस्तीचं.

टॉल्कीनचा जन्म १८९२ चा, लुईसचा १८९८ चा. दोघांची आई लहानपणीच गेली, टॉल्कीन १२ वर्षांचा असताना आणि लुईस ९ वर्षांचा असताना. दोघंही पहिल्या महायुद्धात खंदकात होते, एक सोमच्या लढाईतनं तापानं आजारी होऊन परत आला, दुसरा १९१८ मधे जखमी झाला. आणि दोघंही पुढं ऑक्सफर्डला शिकवायला. मे १९२६ मधे इंग्रजी विभागाच्या एका मीटिंगला भेट झाली आणि लुईसनं घरी येऊन डायरीत साधारण असं लिहिलं की माणूस वाईट नाही, एकदोन फटके दिले की सरळ होईल. म्हणजे पहिल्या भेटीत काही गळ्यात गळे घातलेले नाहीत. विभागातल्या अभ्यासक्रमावरनं दोघं वेगवेगळ्या बाजूला होते. पण टॉल्कीननं आइसलँडच्या जुन्या गाथा मुळातनं वाचायचा एक गट काढला होता, लुईस त्यात जायला लागला आणि मग कळलं की अरे, आपल्याला लहानपणापासून जे वेड आहे ते या माणसालापण आहे. उत्तरेकडचे ते देव, राक्षस, ड्रॅगन. रात्री उशिरापर्यंत याच गप्पा.

मग आली १९२९ ची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते. टॉल्कीन कित्येक वर्षं एक लांबच लांब कविता लिहीत होता, बेरेन नावाचा माणूस आणि लूथिएन नावाची एल्फ राजकन्या यांची. त्यानं ती लुईसला वाचायला दिली. लिहिणाऱ्यांना विचारा, आपलं पहिलं मोठं काम दुसऱ्याच्या हातात देताना काय होतं ते. लुईसनं ती रात्री बसून वाचली, दुसऱ्या दिवशी आधी मनापासून कौतुकाचं पत्र पाठवलं आणि नंतर सविस्तर टीका पाठवली, पण कशी, तर ती कविता म्हणजे कुठलं तरी जुनं हस्तलिखित आहे आणि वेगवेगळे विद्वान त्यातल्या ओळींवर वाद घालतायत असं सोंग घेऊन. त्या विद्वानांना नावंपण दिली, आणि एखादी ओळ कच्ची वाटली की हे विद्वान म्हणणार ही मूळ कवीची ओळच नव्हे, कुण्या लेखनिकानं नंतर घुसडलेली दिसते. मित्राला लागणार नाही आणि चूक तर कळेल. टॉल्कीननं त्यातल्या बऱ्याच सूचना घेऊन ओळी बदलल्या.

ही कविता कुठं गेली? तुमच्या हातातल्या रिंग्जच्या पहिल्या भागात वेदरटॉपच्या टेकडीवर रात्री सगळे घाबरून शेकोटीपाशी बसलेत, काळे स्वार माग काढत येतायत, आणि त्यांचा वाटाड्या ॲरागॉर्न त्यांना गाणं म्हणून गोष्ट सांगतो ना, ती याच बेरेन आणि लूथिएनची. मी ते पान आता दोस्ती माहीत झाल्यावर परत वाचलं तर वेगळंच वाटलं. भ्यायलेल्या माणसांना एकजण गोष्ट सांगतोय आणि बाकीचे भीती विसरून ऐकतायत. ऑक्सफर्डमधेपण दोघांचं हेच चाललेलं होतं की, फक्त पुढं आरामखुर्ची आणि पाइप.

आपल्या सांगलीच्या माणसाला हे पटकन कळेल. ही नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मधे सीता स्वयंवर इथंच केलं, देवल इथलेच हरिपूरचे. नाटक स्टेजवर यायच्या आधी लेखक चार जाणत्या माणसांना गोळा करून संहिता वाचून दाखवतो, ऐकणारे कुठं सावरून बसतात, कुठं जांभई देतात, कुठं मधेच थांब म्हणतात यावर पुढचा खर्डा ठरतो, ते नाट्यवाचन असतं ना, तसंच यांचं दर गुरुवारी रात्री लुईसच्या कॉलेजमधल्या खोलीत चालायचं. गटाचं नाव इंकलिंग्ज. मंगळवारी दुपारी ईगल अँड चाइल्ड नावाच्या पबमधे नुसत्या गप्पा, वाचन मात्र गुरुवारी. कुणी कौतुकाला आलेलं नसायचं, जे आवडलं नाही ते तोंडावर सांगायचे. एक मित्र तर एल्फ आले की वैतागायचा. टॉल्कीनचं वाचणं भरभर आणि तोंडातल्या तोंडात, म्हणून पुढं पुढं ख्रिस्तोफर मोठा झाल्यावर तोच बापाची प्रकरणं वाचून दाखवायला लागला.

त्याच्या आधी टॉल्कीनचं हॉबिट हे पुस्तक. १९३७ च्या सप्टेंबरमधे ते आलं, आणि त्यावर लुईसनं पेपरात भरभरून लिहिलं. साधारण त्याच काळात दोघांनी एक करार केला होता. लुईस म्हणाला की आपल्याला ज्या गोष्टी वाचायला आवडतात तसल्या कुणी लिहीतच नाही, म्हणजे आपल्यालाच लिहायला लागणार. मग ठरलं, एकानं अंतराळ प्रवासावर लिहायचं आणि एकानं काळाच्या प्रवासावर. लुईसनं धडाधड लिहून १९३८ मधे आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट छापूनपण मोकळा झाला, आणि त्याच्या हीरोचं कामच भाषाशास्त्रज्ञाचं, म्हणजे कोण ते कळालंच, टॉल्कीन भाषाशास्त्रज्ञच होता. टॉल्कीनचं पुस्तक अर्धवट राहिलं. दोघांचा स्वभाव यात सगळा आला, एक झपाट्यानं लिहिणारा आणि दुसरा एकेका वाक्याला दहा वेळा घासणारा, वाट चुकली की पहिल्या पानापासून परत सुरू करणारा.

रिंग्ज लिहायला घेतलं डिसेंबर १९३७ मधे आणि लिहून झालं १९४९ मधे. १२ वर्षं. मधे दुसरं महायुद्ध, पोटापाण्याचं शिकवणं, पेपर तपासणं, आजारपण, आणि सारखं अडून बसणं. १९४४ मधे ख्रिस्तोफर विमानदलाच्या ट्रेनिंगला दक्षिण आफ्रिकेत होता, तर टॉल्कीन त्याला प्रकरणं पाठवायचा आणि पत्रात सांगायचा की कुणाला काय वाचून दाखवलं. त्यातल्या एका पत्रात आहे, शेलॉब या जाळं विणणाऱ्या अजस्र मादी कोळ्याची गुहा आणि त्यानंतर हीरोचा इमानी सोबती सॅम एकटा पडतो ते प्रकरण, ही दोन्ही लुईसला वाचून दाखवली, आणि शेवटच्या प्रकरणाला लुईसच्या डोळ्यात पाणी आलं. पंचेचाळिशीचा जाडजूड, खणखणीत आवाजाचा प्रोफेसर, सकाळच्या वेळी मित्राच्या तोंडून सॅमची गोष्ट ऐकतोय आणि रडतोय. लिहिणाऱ्याला ह्याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे हो? यानंतर पुढचं प्रकरण लिहायला बळ येणारच.

टॉल्कीननं नंतर स्वतःच कबूल केलंय की लुईसचं ऋण फिटणारं नाही, आणि ते ऋण म्हणजे त्याची छाप पडली असलं काही नाही, नुसतं प्रोत्साहन. आपल्या या लिखाणाला घरगुती छंदापेक्षा जास्त किंमत आहे हे कितीतरी काळ फक्त त्याच्याकडूनच कळलं, आणि तो सारखा पुढचं माग पुढचं माग असं करत राहिला नसता तर पुस्तक पुरं झालं नसतं. मला वाटतं गोष्ट सांगण्याबद्दल जेवढं शिकवलं जातं, वर्कशॉप असतात, कोर्स असतात, त्यात हे कुणी नीट सांगत नाही. भाषा, पात्रं, प्लॉट सगळं शिकवतात. पण हावरटासारखं ऐकणारा एक माणूस पाहिजे हे कोण सांगतं? आमच्या इथं लिहिणारी पोरं कमी नाहीत, चांगलं लिहितात, पण वाचून दाखवायला कुणी नाही म्हणून दोन प्रकरणांनंतर वही बंद होते.

आता दुसरी बाजूपण सांगायला पाहिजे, कारण ही दोस्ती गोडगोड नव्हती. नार्निया टॉल्कीनला आवडलं नाही. अजिबात नाही. त्याचं म्हणणं, रोमन पुराणकथेतला शेळीच्या पायाचा प्राणी, बोलणारी जनावरं, गोऱ्या चेटकिणीचं बर्फ, आणि त्यात नाताळबाबा घसरगाडीतून येऊन पोरांना तलवार वाटतो, हे सगळं एका जगात कसं बसेल? त्यानं स्वतः आधी भाषा तयार केल्या, मग त्या बोलणारे लोक, मग हजारो वर्षांचा इतिहास, चंद्राच्या कला तारखेप्रमाणे जुळतात का नाही हेसुद्धा तपासलं. लुईसच्या डोक्यात मात्र १६ व्या वर्षापासून एक चित्र होतं, बर्फात छत्री आणि पुड्या घेऊन चाललेला फॉन, म्हणजे तोच शेळीच्या पायाचा प्राणी, आणि खूप वर्षांनी त्यानं त्या चित्रामागं जाऊन बघितलं. युद्धात बाँबच्या भीतीनं लंडनहून खेड्यात पाठवलेली मुलं त्याच्या घरी राहायला होती, त्यातनं गोष्टीतली चार भावंडं आली. सात पुस्तकं सात वर्षांत छापून बाहेर.

वाचताना मला दोन्ही पटतात. टॉल्कीनचं चूक नाही, नाताळबाबा खरंच खटकतो. पण पोराच्या डोक्यात जग कसं असतं? चांदोबा वाचत मोठे झालेल्या आपल्याला माहितीय, वेताळ पण आहे, यक्ष पण आहे, राजा पण आहे, आणि मारुती पण येईल, काही अडत नाही. माझी भाची आठवीत आहे, तिला आधी रिंग्ज दिलं तर सुरुवातीचीच हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांची माहिती, त्यांचा तंबाखू, त्यांची घरं, यात चार पानांत कंटाळली. नार्नियातला कपाटाचा भाग मोठ्यानं वाचून दाखवला तर मी जेवायला थांबले तेव्हा म्हणते, "आत्या, थांबायलीस काय मधेच, पुढं काय झालं ते सांग की." मग सात गोष्टी संपल्यावर तिनं स्वतःहून परत रिंग्ज उघडलं. (टिप : ती सुरुवातीची माहिती सोडून थेट बिल्बोच्या वाढदिवसापासून चालू करा, काही बिघडत नाही.)

आणि इथं ही जोडी एकत्र वाचायचा खरा फायदा कळतो. लुईस आपल्या जगातनं दार उघडून देतो, कपाट, चित्र, अंगठी, आणि पलीकडं जाऊन परत घरी यायची सोय असते. टॉल्कीन दारच ठेवत नाही, तुम्ही पहिल्या ओळीपासून तिथलेच, परत यायचा प्रश्न नाही, फक्त नकाशा हातात देतो. आज जगभर जेवढी फँटसी लिहिली जाते, सिनेमे, गेम, वेबसिरीज, त्यातली बहुतेक या दोन वाटांपैकी एकीवरनं चालते. साध्या पोराला अचानक दुसऱ्या जगाचं दार सापडलं की समजा लुईसची वाट, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा, मागं वंशावळ, आणि मधे तीन भाग असं दिसलं की टॉल्कीनची. तरी ते तीन भागसुद्धा त्यानं हौसेनं पाडलेले नाहीत, एवढं मोठं पुस्तक एकदम छापणं युद्धानंतरच्या काळात प्रकाशकाला झेपणारं नव्हतं म्हणून १९५४ आणि ५५ मधे तुकड्यात आलं. आपण आज जे एकत्र पुस्तक हातात घेतो तेच त्याच्या मनातलं रूप.

दोघांनी मिळून अजून एक मोठं काम केलं. अद्भुत गोष्टी म्हणजे पोराटोरांसाठी, मोठ्या माणसानं असलं वाचू नये, ही समजूत मोडून काढली. टॉल्कीननं १९३९ मधे परीकथांवर एक व्याख्यानच दिलं होतं, की या गोष्टी मुलांच्या खोलीत ढकलल्या त्या जुनं फर्निचर ढकलावं तशा, मोठ्यांना नको झाल्या म्हणून. लुईसनं वेगळ्या लेखांतनं तेच मांडलं. आज पन्नाशीचा माणूस एसटीत बसून ड्रॅगनची कादंबरी वाचतो आणि कुणी हसत नाही, त्यात या दोघांचा वाटा मोठा आहे.

शेवटच्या वर्षांत दोघं लांब गेले. लुईसला नवीन मित्र मिळाले, त्यानं जॉय डेव्हिडमनशी लग्न केलं ते टॉल्कीनला नंतर कुठनंतरी कळलं, धर्माच्या बाबतीतपण खटके होते. पण १९५४ मधे केंब्रिजची प्रोफेसरकी लुईसनं नको नको म्हणत असताना त्याला घ्यायला लावणारा टॉल्कीनच होता, आणि १९६१ च्या नोबेलसाठी टॉल्कीनचं नाव पाठवणारा लुईस होता, ते मिळालं नाही पण पाठवलं. बोलणं कमी झालं तरी एकमेकांच्या कामाबद्दलचा आदर गेला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ ला लुईस गेला. टॉल्कीननं मुलीला लिहिलं की इतके दिवस म्हाताऱ्या झाडाची पानं गळावीत तसं वाटत होतं, हा मात्र मुळाजवळ बसलेला कुऱ्हाडीचा घाव आहे.

तर खरेदीचा सल्ला. दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी नार्निया डोळे झाकून घ्या, इंग्रजी जड जात असेल तर शेजारी बसून वाचून दाखवा, वाक्यं छोटी आहेत. रिंग्ज आठवी-नववीच्या पुढं, आणि त्याआधी हॉबिट वाचलेलं असेल तर फारच छान, ते पातळ आहे आणि वेगळं मिळतं. बजेट एकाचंच असेल तर आधी नार्निया घ्या, रिंग्ज लायब्ररीतून आणून बघा झेपतंय का. कव्हर घालून ठेवा, पेपरबॅकचा कणा मधोमध तडकतो. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांना पुस्तकं वरच्या फळीवर ठेवा हे मी सांगायला नको, २०१९ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय.

रेटिंग द्यायचं तर पुस्तकांना पाचात पाच, रिंग्जच्या नकाशाच्या छपाईला दोन, नार्नियाच्या क्रमाला एक.

आम्ही सध्या दुसऱ्या भागात फँगॉर्नच्या जंगलात आहोत. झाडासारखा म्हातारा ट्रीबियर्ड "हूम, हूम" करत बोलतो ना, तो आवाज टॉल्कीननं लुईसच्या घुमणाऱ्या आवाजावरनं घेतलेला आहे, हे सांगितल्यापासून भाची ते हूम हूम इतक्या जोरात वाचते की शेजारच्या काकू गॅलरीत येऊन बघतात. शेलॉबचा भाग यायला अजून बरीच पानं आहेत, आणि तो मीच वाचणार हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय.